दाम, नाव, वेळ

दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या रात्री जेवताना माझ्या मुलाने विषय काढला. त्याला 'पर्सोना ५ रॉयल' हा जपानी गेम हवा होता. किंमत चार हजारांच्या आसपास. गाझियाबादच्या वैशालीतल्या आमच्या घरात चार हजार ही सहज 'हो' म्हणावं अशी रक्कम नाही आणि 'नाही' म्हणून विषय मिटवावा इतकी मोठीही नाही. मी साहित्याचा अनुवाद शब्दाला एक रुपया ह्या दराने करते. दिवसाला हजार शब्द झाले तर दिवस सत्कारणी लागला असं समजते. म्हणजे हा गेम माझ्या चार चांगल्या दिवसांचा होता.

"पण तो घेण्याजोगा आहे का?" मी विचारलं.

त्याची तयारी झालेली होती. "शंभर तास चालतो. तासाला चाळीस रुपये पडले. मागच्या महिन्यात आपण सिनेमाला गेलो, तिघांची तिकिटं, पॉपकॉर्न, जायची-यायची कॅब. तासाला किती पडले ते तूच काढ."

मी काढले नाहीत, कारण उत्तर दिसत होतं. पण तो हिशेब रात्री बराच वेळ डोक्यात राहिला. त्यात काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, आणि काय चुकतंय ते सांगता येत नव्हतं. पुढचे आठ-दहा दिवस मी त्याच्याच मागे होते.

ज्यांचा ह्या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जपानी रोल-प्लेइंग गेम म्हणजे एक लांबलचक कथा. १९८६ साली आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'पासून तिचा साचा साधारण ठरत गेला : एक नायक, वाटेत भेटत जाणारे सोबती, गावोगावची माणसं, त्यांच्याशी बोलणं, आणि पाळीपाळीने होणाऱ्या लढाया. आधी तुमची पाळी, मग शत्रूची. बोटांची चपळाई फारशी लागत नाही, वाचावं मात्र खूप लागतं. एका जाड कादंबरीत मावणार नाहीत इतके शब्द अशा एकेका गेममध्ये असतात, आणि जपानी न येणाऱ्यापर्यंत ते सगळे अनुवादातून येतात. 'जेआरपीजी' हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. 'फायनल फँटसी १६'चे निर्माते नाओकी योशिदा २०२३ साली एका मुलाखतीत म्हणाले होते की हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो आपल्याला हिणवण्यासाठी वापरल्यासारखा वाटला होता. आपण नुसते आरपीजी करतो अशीच त्यांची समजूत होती. दिल्लीतल्या पुस्तकांच्या दुकानात मराठी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद कादंबऱ्यांच्या फडताळात न सापडता 'भारतीय भाषा' असं लिहिलेल्या वेगळ्या कोपऱ्यात सापडतो, तेव्हा मला योशिदांचं म्हणणं कळतं.

तर, तासाला चाळीस रुपये. ह्या मापाने मोजलं तर सर्वांत स्वस्त पुस्तक म्हणजे शब्दकोश आणि सर्वांत महाग म्हणजे हायकूंचा संग्रह. हायकू हा जपानी प्रकार शिरीष पै ह्यांनी मराठीत रुजवला. त्यांच्या हायकूंचं एखादं पुस्तक पाऊण तासात वाचून होतं, आणि मी ते वीस वर्षं वाचते आहे. त्याचे तास कसे धरायचे? उलट पाचशे पानांच्या अशाही कादंबऱ्या मी अनुवादल्या आहेत ज्यांतली दोनशे पानं निव्वळ भरताड होती. मला शब्दामागे पैसे मिळत असल्यामुळे मी तक्रार केली नाही, एवढंच. तास मोजणारा भरताडही मोजतो.

हे मुलाला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "हो, ह्यातही ग्राइंडिंग आहेच."

ग्राइंडिंग म्हणजे त्याच त्या शत्रूंना पुनःपुन्हा हरवून आपल्या पात्रांचं बळ वाढवत राहणं. मी म्हटलं, म्हणजे दळण. आपण मराठीत कंटाळवाण्या पुनरुक्तीला दळणच म्हणतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता कंटाळ्यासाठी एकच काम निवडलं, ह्याची मला गंमत वाटली. पण मराठीत त्या शब्दाला दुसरी बाजू आहे. पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांनी दळता दळता ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ ह्यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव जाऊन त्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आता 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'कडे आहे. तिथे ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. ह्या नावांकडे मी पुढे परत येणार आहे.

इथे मला भाबडं व्हायचं नाही. जात्यावर बसणाऱ्या बाईला पर्याय नव्हता. गिरणी आली तेव्हा तिने जातं बाजूला ठेवलं ते सुटकेचा श्वास टाकून. चार हजार मोजून दळायला बसणं ही चैन आहे, आणि चैनीला चैनच म्हणावं. तरीही त्या शब्दाने मला एक कसोटी दिली : दळणातून पीठ निघतं का? हात तेच ते करत असताना मन काही रचत असेल, सोबत्यांची ओळख वाढत असेल, पुढच्या कठीण प्रसंगाची तयारी होत असेल, तर त्या तासांना नावं ठेवायचं कारण नाही. पारायणात आणि रियाजातही पुनरुक्ती असते. वाईट पुनरुक्ती वेगळी. दोन वर्षांपूर्वी ह्याच मुलाने फोनवरच्या एका फुकट गेममध्ये माझ्या कार्डावरून सातशे रुपये उडवले होते. अशा गेममध्ये दळण मुद्दाम कडू केलेलं असतं, ते चुकवण्यासाठी तुम्ही पैसे द्यावेत म्हणून. त्यातल्या एका पद्धतीला नावही जपानी आहे, 'गाचा'. नाणं टाकून आंधळेपणाने खेळणं काढायच्या यंत्रावरून ते पडलं. जो आधी फुकट म्हणतो आणि मग तुमच्या कंटाळ्यावर कमाई करतो, त्याच्यापेक्षा दारातच पूर्ण दाम सांगणारा मला बरा वाटतो. ह्या एका बाबतीत मुलाचा गेम उत्तीर्ण झाला.

मग मी यूट्यूबवर कुणीतरी तो खेळताना तीन-चार संध्याकाळी पाहिलं. खोट्या आरोपामुळे आधीच्या शाळेतून काढलेला एक मुलगा टोकियोत येतो. जपानी शाळेचं वर्ष आपल्या सीबीएसईसारखंच एप्रिलमध्ये सुरू होतं. पुढे सगळा गेम कॅलेंडरवर चालतो. शाळा सुटल्यावर एखादं काम, रात्री एखादं काम, की दिवस संपला. अभ्यास करायचा, फुलांच्या दुकानात नोकरी करायची, की एकट्या पडलेल्या मित्राला भेटायला जायचं? एक निवडलं की बाकीचं त्या दिवसापुरतं गेलं. शंभर तास खर्च करायला लावणारा हा गेम वेळ कसा खर्चावा ह्याबद्दलच आहे, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. माझा मुलगा एप्रिलपासून अकरावी आणि कोचिंगच्या चरकात जाणार होता. त्याचे दिवस कसे कापायचे हे दुसरंच कुणी ठरवणार होतं. निदान खोट्या टोकियोत तरी त्याला ते ठरवता आलं असतं.

आणि त्या कथेत मादारामे नावाचा एक नामांकित चित्रकार आहे. घरी शिष्य ठेवतो, साधं राहतो, लोक त्याला थोर मानतात. त्याची गाजलेली चित्रं मात्र शिष्यांनी काढलेली असतात. सही तेवढी त्याची. मी चित्र थांबवून थोडा वेळ तशीच बसले. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव, किंवा काम ठेवून नाव तेवढं पुसणं, ह्या विषयावर माझं बरंच वाचन आहे असं म्हणायला हवं.

घ्यायचा की नाही हे ठरायच्या आत मुलगा एकदा म्हणाला, "महाग वाटत असेल तर राहू दे. क्रॅक मिळतो. वर्गातले निम्मे जण तसंच खेळतात."

मी भाषण दिलं. कुणाचे तरी कष्ट असतात, लिहिणाऱ्याचे, चित्रं काढणाऱ्याचे, अनुवाद करणाऱ्याचे, मी स्वतः त्यावर जगते, वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तू ते पालिका बाजारातून आणलेलं?"

ही गोष्ट मीच त्याला कौतुकाने सांगितली होती, त्यामुळे आता पळायला जागा नव्हती. २००१ साली दिल्ली विद्यापीठात तौलनिक भारतीय साहित्यात एम. ए. करत असताना मी किंग्जवे कॅम्पला एका कुटुंबात पेइंग गेस्ट होते. त्या घरातल्या मुलाकडे चिप बसवलेलं प्लेस्टेशन होतं. आम्ही दोघं बसने कॅनॉट प्लेसला गेलो, जमिनीखालच्या पालिका बाजारात उतरलो आणि 'फायनल फँटसी ७'च्या तीन डिस्क तीनशे रुपयांना आणल्या. अस्सल डिस्कची खालची बाजू काळी असते हे मला फार नंतर कळलं. आमच्या चंदेरी होत्या.

त्या हिवाळ्यात रजई पांघरून मी त्या तीन डिस्क संपवल्या, आणि अनुवाद नावाची गोष्ट मला तिथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दिसली. वर्गात आम्ही समतुल्यतेचे सिद्धान्त शिकत होतो. पडद्यावर मात्र इंग्रजी मध्येच अडखळत होतं. कर्ता एकवचनी, क्रियापद भलतंच; गंभीर प्रसंगात एखादं वाक्य असं यायचं की हसावं की रडावं कळेना. पहिल्या डिस्कच्या शेवटी जिचा मृत्यू होतो आणि जिच्यासाठी मी खरोखर रडले, त्या फुलं विकणाऱ्या मुलीचं नावसुद्धा चुकलेलं होतं. तिथे ती 'एरिस' होती. पुढे अधिकृतपणे 'एरिथ' झाली. जपानी लिपीत परभाषेतला 'थ' आणि 'स' एकाच अक्षरात लिहिला जातो. त्या सांध्यात ती मुलगी अडकली. ह्या अनुवादाचा बहुतांश भार मायकल बास्केट नावाच्या एकाच माणसावर होता, हे मला कित्येक वर्षांनी वाचायला मिळालं. त्याआधीच्या सहाव्या भागाचा इंग्रजी अनुवाद टेड वूल्झी ह्यांनी सुमारे ३० दिवसांत केला होता, आणि कार्ट्रिजमध्ये जागा नाही म्हणून मजकूर छाटत छाटत. ज्या वाक्यांना मी हसले होते ती कुणीतरी एकट्याने, मुदत डोक्यावर घेऊन, संदर्भ हाताशी नसताना केली होती. तेव्हापासून मला त्यांचं हसू येत नाही. मीही रात्री दोनला तशी वाक्यं लिहिली आहेत.

तर मी त्या माणसाचे कष्ट तीनशे रुपयांना पालिकातल्या दुकानदाराकडून विकत घेतले, त्यातला एक पैसाही त्याच्या दिशेने गेला नाही, आणि त्या कष्टांतून मी अनुवादक झाले. ह्याचा हिशेब काय?

ह्याच दिवसांत दुसरी गोष्ट घडली. आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी एका कादंबरीची पीडीएफ टाकली आणि खाली लिहिलं : 'अतिशय वाचनीय. आवर्जून वाचावी.' मी उघडली. ती मी हिंदीतून मराठीत आणलेली कादंबरी होती. दीड वर्षाचं काम. पानं अगदी सरळ, स्वच्छ स्कॅन केलेली होती. फक्त सुरुवात थेट पहिल्या प्रकरणापासून होती. मुखपृष्ठ नाही, शीर्षकाचं पान नाही. फाइलच्या नावात मूळ लेखकाचं नाव होतं. माझं कुठेच नव्हतं. खाली अंगठे आणि हात जोडलेल्या खुणा येत होत्या. एकीने लिहिलं होतं, भाषा किती सहज आहे, अनुवाद वाटतच नाही. अनुवादकाला ही सर्वांत मोठी दाद समजली जाते. मला त्या दिवशी ती झोंबली.

रागाने चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. पालिका बाजार आड येत होता. शिवाय त्या कादंबरीची आवृत्ती संपून सहा वर्षं झाली आहेत, आणि नवी काढायची प्रकाशकांची इच्छा दिसत नाही. म्हणजे काकांना ती विकत घ्यायची असती तरी मिळाली नसती.

इथे मला गेमच्याच जगातलं एक उदाहरण आठवलं. शिगेसातो इतोई ह्यांनी लिहिलेला 'मदर ३' हा गेम २००६ साली जपानमध्ये आला. निन्टेंडोने त्याची इंग्रजी आवृत्ती काढली नाही. क्लाइड मँडेलिन ह्या व्यावसायिक अनुवादकाच्या नेतृत्वाखाली काही चाहत्यांनी तो २००८ साली स्वतःच इंग्रजीत आणला, एक पैसा न घेता. पुढे मँडेलिन ह्यांनी आपला अनुवाद कंपनीला विनामोबदला देऊ केला. तरी आवृत्ती निघाली नाही. कायद्याने पाहिलं तर ते काम परवानगीशिवायचं. पण त्याला चोरी म्हणायला माझी जीभ वळत नाही. जिथे दारच नाही तिथे भिंतीवरून आत येणारा, आणि दार उघडं असताना भिंत चढणारा, ह्या दोघांना मी एका मापाने मोजू शकत नाही. माझ्या कादंबरीचं दार प्रकाशकांनी बंद ठेवलंय. काका पहिल्या प्रकारचे. मुलाच्या वर्गातले क्रॅकवाले दुसऱ्या प्रकारचे. पालिका बाजारातली मी कोणत्या प्रकारची, ह्याचं उत्तर मला सोयीचं हवंय, म्हणून मी ते देत नाही. दार कुठे आहे हे मी तेव्हा शोधलंच नव्हतं, एवढं मात्र खरं.

मुलाने आणखी एक मुद्दा काढला, आणि तो हुशार होता. त्याच्या गेममध्ये नायक ज्या शक्ती गोळा करतो त्यांत शिव, विष्णू, काली, गणेश, सरस्वती सगळे आहेत. "त्यांनी आपले देव घेतले तेव्हा कुणाला विचारलं? कुणाला पैसे दिले?"

मी म्हटलं, देव ह्याआधीच तिकडे गेले होते. बौद्ध धर्माबरोबर सरस्वती जपानला पोचली आणि बेन्झाइतेन झाली, गणेश कांगितेन झाला. शेकडो वर्षं त्यांची तिथे पूजा होते आहे. कथेची आणि देवाची ये-जा अशीच होते, आणि तशीच व्हायला हवी. पंचतंत्र पहलवीतून अरबीत गेलं नसतं तर जग गरीब राहिलं असतं. कथेवर कुणाची मालकी नाही. पण पंचतंत्र अरबीत नेणाऱ्या इब्न अल-मुकफ्फाचं नाव आपल्याला ठाऊक आहे. कथा सगळ्यांची असली तरी ती वाहून नेणारी पाठ कुणा एकाची असते. आपलं देणं त्या पाठीचं लागतं.

देणं हा शब्द बोलण्याच्या ओघात आला आणि त्या दिवसांत जे सापडत नव्हतं ते सापडल्यासारखं झालं. मुलाचा हिशेब मला काय मिळेल ह्याचा होता : चाळीस रुपयांना एक तास. मी विचारलेला प्रश्नही तसलाच होता. घेण्याजोगा आहे का, म्हणजे माझे पैसे वसूल होतील का. पण लांब, अनुवादित, अनेकांच्या कष्टाने बनलेली गोष्ट आपण घेतो तेव्हा आपल्याला तीन प्रकारचं देणं लागतं. दाम हे पहिलं, आणि तिन्हींतलं सोपं. दार उघडं असेल तर ते द्यावं. सवलत विक्रेत्यानेच दिली असेल तर कमी द्यावं, त्यात लाज नाही.

नाव हे दुसरं. दाम देता येत नसेल तिथेही ते द्यावं लागतं. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा ह्या दोहोंत फरक करतो, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो. लेखकाने सगळे हक्क विकून टाकले तरी हे काम माझं आहे असं म्हणण्याचा त्याचा अधिकार ५७व्या कलमाने शाबूत राहतो. काम विकता येतं, ते केल्याची गोष्ट विकता येत नाही. जात्यावरच्या ओव्या पिढ्यान् पिढ्या निनावी राहिल्या. गोळा करणाऱ्यांनी गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव टिपलं, तेव्हा तिला पैसे मिळाले नसतील, पण एक देणं फिटलं. पीडीएफमुळे मला जे झोंबलं ते मानधन बुडाल्याचं नव्हतं. ते मला आधीच एकरकमी मिळून संपलं होतं. कापलेलं शीर्षकाचं पान झोंबलं.

आणि तिसरं वेळ. हे देणं आपण सर्रास बुडवतो आणि कुणी आपल्याला चोरही म्हणत नाही. मुलाच्या खात्यात सवलतीत घेतलेले अकरा गेम आहेत, त्यांतले सात त्याने उघडलेले नाहीत. मला बोलायला तोंड नाही. प्रगती मैदानावरच्या पुस्तक मेळ्यातून दर वर्षी पिशव्या भरून आणलेली पुस्तकं माझ्या कपाटात उभीच्या उभी आहेत. दाम दिला, नावही वाचलं, आणि विषय संपवला. पण शंभर तासांची कथा लिहिणाऱ्याने शंभर तासांसाठी लिहिलेली असते. तिला वेळ द्यायची तयारी नसेल तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. आणि तयारी असेल तर तासाला किती पडले हे मोजू नये, कारण ते तास आपल्याला मिळणार नसतात, आपण देणार असतो.

ह्यातून एक व्यावहारिक निर्णय निघाला, तोही मुलाच्या अपेक्षेपेक्षा वेगळा. तो म्हणत होता की घासाघीस नको, जूनच्या अखेरीस सेल लागतो, तेव्हा बराच स्वस्त मिळेल. मी म्हटलं, जूनमध्ये तुझ्याकडे वेळ कुठे असणार? कोचिंग सकाळ-संध्याकाळ. तेव्हा घेतलास तर तो बारावा होईल. आत्ता तीन आठवडे मोकळे आहेत, तेव्हा पूर्ण किमतीला आत्ताच घे. निम्मे पैसे त्याने आजीकडून परीक्षेसाठी आलेल्यातून घातले, निम्मे मी. स्वस्तात घेऊन न खेळण्यापेक्षा महागात घेऊन खेळणं बरं, हे मी त्याच्या बाबांना अजून पटवते आहे.

काकांना मी फोन केला. पीडीएफबद्दल काही न बोलता एवढंच सांगितलं की त्या कादंबरीचा अनुवाद मी केलाय.

"अगं, तू? मग आधी सांगायचं नाही का?"

"काका, पुस्तकावर नाव होतं माझं. तुमच्याकडे आलेल्या प्रतीत ते पान नाही."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे चूक झालं. आता तुला पैसे कसे द्यायचे? पुस्तक कुठे मिळेल सांग, दहा प्रती घेतो." पुस्तक कुठेच मिळत नाही हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांनी माझं नाव, मूळ लेखकाचं नाव आणि प्रकाशनाचं साल असं सगळं नीट लिहून टाकलं. मला इतका आनंद झाला की त्याची थोडी लाज वाटली.

गेम तीन आठवड्यांत संपला नाही. एप्रिलनंतर फक्त रविवारी तो लागायचा. मे महिन्यात माझी आई सांगलीहून आली. तिला दुपारी झोप येत नाही, त्यामुळे ती नातवाच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची आणि दर दोन मिनिटांनी विचारायची, "काय म्हणतोय रे तो?" मग हा पडद्यावरचं इंग्रजी तिला मराठीत सांगायचा. मी आतल्या खोलीतून ऐकत असे. इंग्रजी अनुवादकांनी 'सेनपाई', 'सान', 'कुन' ही जपानी संबोधनं तशीच ठेवली आहेत, कारण इंग्रजीच्या एकट्या 'यू'मध्ये ती नाती बसत नाहीत. माझ्या मुलाला तो प्रश्नच पडला नाही. वरच्या वर्गातल्या 'सेनपाई'चा त्याने 'दादा' केला, मास्तरांना 'अहो सर' केलं, आणि मादारामेचं बिंग फुटल्यावर त्याच्याच शिष्याला त्याने 'तुम्ही'वरून 'तू'वर आणलं. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. २०१७ साली ह्या गेमच्या पहिल्या इंग्रजी आवृत्तीवर ताठर म्हणून बरीच टीका झाली होती, आणि 'रॉयल'मध्ये ती थोडीफार सुधारली गेली. आईने ऐकलेली आवृत्ती त्याहून मोकळी होती. शब्दाला शून्य रुपये.

जुलैमधल्या एका रविवारी रात्री गेम संपला. आई तोवर सांगलीला परतली होती, म्हणून त्याने व्हिडिओ कॉल लावून फोन पडद्यासमोर धरला. काळ्या पडद्यावर नावं वर सरकू लागली. लिहिणारे, चित्रं काढणारे, आवाज देणारे, मग इंग्रजी आवृत्तीचे अनुवादक आणि संपादक. तो पाणी प्यायला उठत होता, मग परत खाली बसला.

"एवढी माणसं?" फोनमधून आईचा आवाज आला.

"अजून आहेत, आजी," तो म्हणाला. "थांब जरा."